बसल्यावर कंबर किती?

जीन पँटची मापं ठरवणारा जो कोणी साहेब असेल, ज्या कुठल्या शहरात थंडगार खोलीत बसत असेल, त्याला मला एकदा आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या जीप स्टँडवर आणून उभं करायचं आहे. भरदुपारी. त्याला काम काही नाही. समोरून जाणाऱ्या माणसांचे पाय बघायचे आणि पोट बघायचं. मग त्याने मला सांगावं, की कंबर चाळीस झाली म्हणजे मांडीही तेवढीच फुगते, हे त्याच्या कानात कोणी सांगितलं.

आमच्याकडे कंबर वाढते, पाय वाढत नाहीत. चाळिशी आली की पोट पुढे निघतं आणि पाय मात्र लग्नाच्या फोटोत होते तसेच राहतात, तुराटीसारखे. बाईमाणसाचं तर दोन लेकरं झाली की कमरेला मांस येतं ते कायमचं, आणि पायाला येतच नाही, कारण पायांना दिवसभर बसायला कोण देतं? पण कंपनीचं गणित ठरलेलं. कंबर दोन इंच वाढली की मांडी वाढवा, गुडघा वाढवा, खाली बॉटम वाढवा. म्हणजे कमरेला बसणारी पँट घेतली तर पायात गोणी, आणि पायाला बसणारी घेतली तर बटण आणि काजाची आयुष्यात भेट नाही. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, "स्ट्रेचेबल हाय, वापरून सेट होईल." काही सेट होत नाही. माणूसच सेट होतो बिचारा, पोट आत ओढून.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला धंद्यातल्या गोड आठवणी लिहायला सांगितल्या. गोड माझ्याकडे फार नाही. राग आहे, आणि त्यातला निम्मा माझ्यावरचाच आहे. तेव्हा तोच लिहितो.

मी चाळीस वर्षं शिलाई मशीनवर बसलो. हिंगोलीला एका उस्तादाच्या हाताखाली शिकलो आणि गोरेगावला येऊन पाटी लावली, 'पँट-शर्ट स्पेशालिस्ट'. पाटी अजून आहे. पँट आणि शर्ट शिवायला मात्र आता कोणी येत नाही. रेडिमेड आलं आणि शिवणारा मास्तर कापणारा मास्तर झाला. लांबी कमी करा, कंबर सोडा, पाय आवळा. दुसऱ्याने केलेल्या चुका दुरुस्त करायच्या आणि त्यात आपल्या दोन घालायच्या, असा हा धंदा आहे.

स्वतःबद्दलही सांगून टाकतो. माझी कंबर बेचाळीस आणि पाय बगळ्याचे. एवढं शिलाईकाम करूनही स्वतःसाठी नीट बसणारी पँट मी कधी शिवली नाही. पायजम्यावर आयुष्य काढलं. नाडी कोणाचं माप विचारत नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुन्याची. एका नवरदेवाला जीन पायाला अगदी चिकटून पाहिजे होती. मी म्हणालो, बाबा, वर पोट आणि खाली चिकटलेले पाय, तू काडीवर ठेवलेल्या मडक्यासारखा दिसशील. ऐकेना. मीही रागाने दिली आवळून. वरातीत नाचताना तो खाली बसला आणि उठलाच नाही; उठण्यासारखी अवस्था राहिली नव्हती. मागून करवलीने शाल दिली म्हणून निभावलं. लोक हसले, मीही हसलो. आता वाटतं, त्या पोराचं काय चुकलं होतं? त्याला एक दिवस बरं दिसायचं होतं. बरं दिसेल असं कापून देणं माझं काम होतं, त्याला धडा शिकवणं नव्हे.

दुसरे आमचे दत्तराव. जीप स्टँडचे पुढारी. कोणत्या गाडीचा कितवा नंबर, कोण आधी भरणार, हे तेच ठरवतात. ते चाळीस कमरेची जीन आणतात आणि सोबत खिशातून जुन्या पँटची उसवलेली चिठ्ठी काढतात, चौतीस लिहिलेली. "मास्तर, एवढी तेवढी बदलून द्या. घरात धुवायला पडली की लोकं बघतेत." मी इमानाने चाळीसची चिठ्ठी काढून चौतीसची शिवत आलो. उस्ताद सांगायचे, न्हावी आणि शिंपी यांच्या पोटात गावाची अर्धी गुपितं असतात. ती पोटातच ठेवायची असतात. हे मला माहीत होतं, एवढं इथे नोंदवून पुढे जातो.

आता खरी गोष्ट. कांताबाईची.

कांताबाईचा नवरा मारोती सेनगाव लाईनला जीप चालवायचा. त्याच्या मणक्याची गादी सरकली आणि डॉक्टरने गाडीवर बसायचंच नाही म्हणून सांगितलं. गाडी दारात उभी राहिली. कांताबाई माहेरी भावाचा ट्रॅक्टर चालवायला शिकलेली, बेचाळीस वर्षांची, धाडसी. तिने लायसन काढलं आणि एक दिवस सकाळी गाडी स्टँडवर आणून रांगेत लावली. स्टँडवर आजवर बाई ड्रायव्हर नव्हती. दत्तरावांनी हो-ना करत तिला सहावा नंबर दिला. सहावा म्हणजे दुपारचा, ऊन खात बसायचा.

लुगडं नेसून जीप चालवता येत नाही. म्हणून ती पंजाबी ड्रेस घालू लागली. चौथ्याच दिवशी सलवारीचा घोळ क्लचच्या पायपट्टीत अडकला, पाय सुटेना, आणि गाडी चहाच्या टपरीच्या बाकड्यावर गेली. लागलं कोणाला नाही. किटली तेवढी उलटली. दत्तरावांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आजून एक तक्रार आली की नंबर बंद. पॅसेंजरच्या जिवाचा सवाल हाय."

तेव्हा तिने हिंगोलीहून जीन पँट आणली आणि माझ्याकडे आली. पँट छत्तीसची. उभं राहून, श्वास धरून बटण लागायचं. सीटवर बसलं की सुटायचं. आणि पाय एवढे ढगळ, की पुन्हा क्लचमध्ये जायची सोय.

"मास्तर, हिचे पाय बारीक करून द्या न कंबर मोकळी करा," ती म्हणाली.

आणि मी काय म्हणालो असेन? आज लिहितानाही लाज वाटते. मी चष्म्यावरून बघून म्हणालो, "बाई, तुमाला जीन काहून? ह्या वयात?"

ती हसली नाही, चिडलीही नाही. "दत्तरावच्या जीनची लांबी कमी केली तवा त्यांना इचारलं व्हतं का?"

मी पँट उलटीसुलटी करत बसलो.

आता बाहेरच्या लोकांना एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे पुरुष शिंपी बाईच्या अंगाला टेप लावत नाही. उस्तादाची शिकवण तीच होती आणि गावाची रीतही तीच. बाई घरून मापाचा कपडा आणते, जुनं बसणारं ब्लाऊज, जुना ड्रेस. त्यावरून आम्ही कापतो. चाळीस वर्षांत माझं कधी अडलं नाही. पण कांताबाईने जन्मात पँट घातली नव्हती, तर मापाची पँट आणणार कुठून?

माझी बायको सुशीला आत घरातच होती. हाक मारली असती तर दोन मिनिटांत माप झालं असतं. मारली नाही. माझ्या धंद्यात बायकोने टेप धरायचा म्हणजे पाटी उतरवण्यासारखं, असली माझी ऐट. मी कांताबाईच्या हातात टेप दिला आणि पडद्याकडे बोट दाखवलं. "तुमीच घ्या कमरेचं माप. बराबर घ्या."

ती त्या दिवशी लुगड्यावर होती. पडद्यामागे गेली आणि तिने टेप लावला तो लुगड्यावरून. खाली परकर, त्याची नाडी, नाडीत खोचलेल्या सात-आठ निऱ्यांचा गठ्ठा, आणि त्या सगळ्यावरून टेप. बाहेर येऊन म्हणाली, "बेचाळीस." मी लिहून घेतलं. बाई लुगड्यात उभी आहे हे मला दिसत होतं. डोळे होते, चष्माही होता. डोक्यात उजेड पडला नाही, कारण बेचाळीस आकडा माझ्या ओळखीचा होता. म्हटलं, माझ्यासारखंच अंग आहे. कंबर जाड, पाय बारीक. मग मांडी, गुडघा, बॉटम कशाला विचारा? मी माझ्याच पायांचा अंदाज धरला आणि खडू चालवला.

बायकोला हाक मारली नाही, आकडा तपासला नाही, आणि तिसरी चूक आळसाची. जीनच्या पायाला दोन शिवणी असतात. बाहेरची साधी असते, पटकन उसवते. आतली दुमडून दुहेरी मारलेली असते, तिला उसवायला जीव जातो. पाय आवळायचा तर दोन्हीकडून थोडं थोडं घ्यावं लागतं, नाहीतर पाय पिळला जातो आणि बाजूची शिवण चालताना गुडघ्यावर येते. मी फक्त बाहेरून घेतलं. कमरेला दोन्ही बाजूंना कापडाच्या पाचरी घालून बेचाळीस केली. संध्याकाळी पँट दिली आणि वर म्हणालो, "फस्क्लास झाली."

जीनचं कापड लबाड असतं. नवीन घातलं की कडक धरून राहतं. तास-दोन तास अंगाची ऊब लागली, बसून ताण पडला, की सैल पडतं. कांताबाईची सेनगावची पहिली खेप नीट गेली. परतताना पँट खाली सरकू लागली. ज्यांची कंबर जाड आणि बैठक, म्हणजे मागची बाजू, बारीक, त्यांना धरायला खाली काही नसतंच. पँट घसरगुंडीवर बसल्यासारखी खाली जाते. पट्टा बांधावा तर बक्कल बसल्यावर तिच्या पोटावरच्या जुन्या ऑपरेशनच्या टाक्याला टोचतं. शेवटी तिने डाव्या हाताने पँट धरली आणि उजव्या हाताने स्टेरिंग. गियर टाकायला धरलेला हात सोडायचा, टाकला की पुन्हा कमरेला. अशी ती गोरेगावला आली, गाडीत अकरा माणसं.

पॅसेंजरनी दत्तरावांना सांगितलं, बाई एका हाताने गाडी चालवते. दत्तरावांनी काय झालं हे विचारलंही नाही. नंबर बंद.

त्याच दुपारी ती दुकानात आली. पंजाबी ड्रेसवर. पँट माझ्या मशीनवर ठेवली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"मास्तर, ही तुमी घाला," ती म्हणाली.

"आवो बाई, मी कसा..."

"घाला. पडदा हाय ना?"

सुशीला तोवर आतून दारात आली होती. ती माझ्या बाजूने काही बोलेल असं वाटलं. ती म्हणाली, "घाला की. एवढं म्हनून राहिली ती."

मी पडद्यामागे गेलो आणि पायजमा सोडून पँट चढवली. चढली. मांडीला बरोबर, गुडघ्याला बरोबर. श्वास न धरता बटण लागलं. खाली वाकलो, बसलो, उठलो. कुठे ओढ नाही, कुठे झोळ नाही. बाहेर आलो. दोघी बघत राहिल्या.

सुशीलाने तोंडाला पदर लावला. "आयुष्यात एक पँट बराबर शिवली," ती म्हणाली, "न ती बी सोताची."

कांताबाई मात्र हसली नाही. "मास्तर, घरात नवरा पडून हाय. गाडी दारात हाय. लायसन हाय. न मी पँटीपायी घरी बसू का?"

त्या वेळी मला जो राग आला त्याची धार मी अजून विसरलो नाही. कंपनीवर आला, दुकानदारावर आला, दत्तरावांवर आला. पण ते सगळे लांब होते. जवळ मीच होतो, दुसऱ्याची पँट घालून उभा. चाळीस वर्षं ज्याला मी कसब म्हणत होतो, ते दुसऱ्या कोणाच्या जुन्या कपड्याची नक्कल होती. अंग समोर आलं तेव्हा मला मोजता आलं नाही.

मी टेप सुशीलाच्या हातात दिला.

ती कांताबाईला आत घेऊन गेली आणि मी बाहेर वही घेऊन बसलो. ती आतून मापं ओरडत होती. कंबर उभं राहून, साडेसदतीस. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, "आवो, बसल्यावर एकोणचाळीस भरतीय."

"बसवून काहून मोजली?" मी विचारलं.

"ती गाडी उभ्यानं चालवती का?"

चाळीस वर्षं. एकाही गिऱ्हाइकाला मी बसायला सांगितलं नव्हतं.

मग ती बाहेर आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "नाडीचा वळ हाय तिच्या कमरेला. खोल. माझ्याबी हाय. पट्टी त्याच्यावर आली तर जाळ व्हतो. त्याच्या वर घ्या." लग्नापासून परकराची नाडी जिथे करकचून बांधतात, तिथे बाईच्या अंगाला खाच पडते, कातडी काळी पडते. बायको माझ्या शेजारी एवढी वर्षं. तिच्या कमरेला वळ आहे हे मला एका जीन पँटमुळे कळलं. त्याचा राग कोणावर काढायचा, सांगा.

आतून कांताबाई बोलत होती, "ताई, दिसायला बी नीट पाहिजे. स्टँडवर धा जणांच्या डोळ्यासमोर उतरावं लागतंय. बुजगावण्यावानी नगं."

त्यासाठी कापड मी स्वतः हिंगोलीहून आणलं. गडद निळं, सगळीकडे एकच रंग. मांडीवर पांढरे फटके मारलेली जीन अशा अंगाला घ्यायची नाही. पाय आणखी काडी दिसतात. कमरेची पट्टी सरळ कापली नाही, कमान देऊन कापली, कारण कंबर म्हणजे काही पाईप नव्हे. पुढून उंच, नाडीच्या वळाच्या वर दोन बोटं. पट्टीच्या आत दोन्ही कुशीला इलॅस्टिक, बाहेरून दिसणार नाही असं. बसलं की दीड इंच सुटावं, उठलं की परत यावं. बैठक मागच्या मधल्या शिवणीतून आत घेतली. आणि पाय चिकटवले नाहीत. हे लक्षात ठेवा, तुमचंही अंग असं असेल तर. पाय बारीक आहेत म्हणून चिकट पँट घेऊ नका आणि लपवायचे म्हणून ढगळही घेऊ नका. मांडीपासून खाली सरळ, हाताची दोन बोटं आत जातील एवढी मोकळी. नजर एका रेषेत खाली जाते आणि पोटाशी थांबत नाही. आतली दुहेरी शिवण या वेळी मी स्वतः मारली, तीनदा उसवून.

तिने घातली आणि आरशासमोर फिरली. मग खुर्चीवर बसली, उठली, पुन्हा बसली. डावा पाय क्लच दाबल्यासारखा पुढे केला. तिने केसांची पिन काढून पुन्हा नीट लावली, तेवढ्यावरून मी समजलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यासोबत स्टँडवर गेलो. मापाची वही काखेत. जायची गरज नव्हती. पण चूक माझी होती, ती मीच सांगायला हवी होती. तेवढं सांगून गप्प बसलो असतो तर ही आठवण मी मानाने सांगितली असती.

"दत्तराव," मी म्हणालो, "परवाची तक्रार माझ्या टेपामुळं आली. पँट चुकीची मी शिवली. बाईंचं ड्रायव्हिंग बराबर हाय. नंबर चालू करा."

"मास्तर, पँटीचे कारणं नका सांगू," दत्तराव बाकावरून न उठता म्हणाले. "बाईच्या अंगाला जे जमत न्हाई ते जमत न्हाई. कंबर बघा न स्टेरिंग बघा."

बंडू नावाचा एक ड्रायव्हर मागून म्हणाला, "सीट मागं सरकवा म्हनाव." सगळे हसले.

मी वही उघडली. माझ्या हातून ती उघडली गेली, असं लिहायचा मोह होतो, पण उघडली मीच. "बंडू," मी म्हणालो, "दिवाळीच्या दिवाळीला तुझी कंबर मी सोडतो. चौतीस व्हती, आता एकोणचाळीस. तुझी सीट कोणी मागं सरकवली?" मग एकेक नाव घेत गेलो. कोणाची पाचर किती, कोणाचं बटण किती सरकवलं. आठ ड्रायव्हर, आठ कमरा, मोठ्या आवाजात. चहावाला चूल सोडून बाहेर आला. शेवटी मी दत्तरावांकडे वळलो. "न तुमची चाळीस. पँटीच्या आत चौतीसची चिठ्ठी हाय, ती मी शिवलेली."

स्टँडवर असं कोणी कधी हसलं नसेल. दत्तरावांचा हात नकळत मागे पट्टीकडे गेला. मला फार बरं वाटलं. दोन मिनिटं वाटलं.

"मास्तर, बंद करा ती वही," कांताबाई म्हणाली. आवाज थंड होता. "माझ्यापायी दुसऱ्याची अब्रू काढायला मी सांगितलं व्हतं का? तुमच्या भरवशावर दिली ना त्यांनी मापं?"

मी वही बंद केली. उस्तादाने एका वाक्यात जे शिकवलं होतं ते मी एका सकाळीत मोडलं, आणि ते मला सांगितलं कोणी, तर जिच्यासाठी मी मोडलं तिने.

ती दत्तरावांसमोर जाऊन उभी राहिली. "भाऊ, मास्तरचं सोडा. तुमी माझ्या बाजूला बसा. सेनगावपर्यंत एक खेप. गियर सोडून माझा हात एकदा बी कमरेला गेला, तर चावी मीच तुमच्या हातात देते."

दत्तराव एरवी बसले नसते. पण मागे सगळं स्टँड हसत होतं आणि तिथून निघायला त्यांना गाडी हवी होती. ते पुढे जाऊन बसले. मी मागे चढलो, पॅसेंजरांत.

रस्ता कसा आहे ते त्या रस्त्याने जाणाऱ्याला विचारा. मी रस्ता बघत नव्हतोच. मी तिचा डावा हात बघत होतो, आणि दत्तरावही तोच बघत होते. मला पट्टीचा प्रत्येक टाका डोळ्यांसमोर दिसत होता. कापड आता तापलं असेल. आता सैल पडत असेल. इलॅस्टिकला दोनच टाके मारले, तीन मारायला हवे होते. एका वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. तिने क्लच आणि ब्रेक एकदम दाबले, गाडी जागेवर थांबली, मागे आम्ही एकमेकांच्या अंगावर. पाय पायपट्टीवरून जसा गेला तसा मोकळा परत आला. शेळ्या गेल्या. तिने गियर टाकला. आणि मग तिचा डावा हात उचलला गेला.

दत्तराव सरळ बसले. "हात कुठं चालला?"

हात खांद्यापाशी जाऊन थांबला होता. खांद्यावर काहीच नव्हतं. "पदराला," ती म्हणाली. "पंचवीस वरसाची सवय हाय, भाऊ. पदर न्हाई हे हाताला ठावं न्हाई आजून."

तिने हात गियरवर ठेवला. सेनगाव येईपर्यंत तो हात पुन्हा हलला नाही, आणि मी श्वासही मोजून घेतला.

सेनगावच्या स्टँडवर तिने गाडी मागे घेत दोन जीपच्या मधे लावली, एकाच दमात, आणि खाली उतरली. धा काय, पंधरा जणांनी बघितलं. पँट जिथे होती तिथेच होती. बाजूची शिवण सरळ, घोट्यापर्यंत. बघणाऱ्यातल्या एकाने दुसऱ्याला कोपर मारलं, दुसरा काही बोलला नाही. वाईट बोलण्यासारखं त्याला काही सापडलं नाही, एवढंच मी सांगू शकतो. माझ्या धंद्यात याहून मोठं बक्षीस नाही.

दत्तराव उतरले, शर्ट खाली ओढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून तिसरा नंबर. साताला गाडी लावा." आणि चहाकडे निघून गेले.

कांताबाईने गाडीच्या पुढे उभं राहून हाळी द्यायला सुरुवात केली. "गोरेगाव, गोरेगाव, चला गोरेगाव." पहिल्या दोनदा आवाज बारीक होता. तिसऱ्यांदा शेजारच्या ड्रायव्हरने वळून बघितलं. बाया आधी आल्या, पिशव्या घेऊन. मग म्हातारी माणसं. गाडी भरत आली. मी माझ्या जागेवर बसून होतो, हसू दाबत, एखाद्या लग्नातल्या मामासारखा. तिने आत डोकं घातलं.

"मास्तर, उतरा."

"आं?"

"ही मावशी पॅसेंजर हाय, गुडघे दुखून राहिलेत तिचे. तुमी दुसऱ्या गाडीनं या."

मी उतरलो. मावशी चढली. कांताबाई स्टेरिंगवर बसली, बटणाला हात न लावता चावी फिरवली आणि गेली. दोन्ही हात जिथे असायला हवे तिथे होते.

पुढची गोरेगावची जीप बंडूची होती. तो दार धरून उभा होता. मी जवळ गेलो.

"फुल्ल हाय, मास्तर," तो म्हणाला.

आत दोनच माणसं होती. मी बंडूच्या मागची जीप बघायला गेलो, तर तिचा ड्रायव्हरही वहीतलाच निघाला.